डाव्या खिशातली बातमी

नील आणि रेवा,

परत येऊन मला आठ दिवस झाले. बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली, गुडघे ताळ्यावर आले, आणि आता लिहायला बसले आहे. तुमच्यापैकी कोणी बुलढाणा जिल्हा पाहिलेला नाही, तुमच्या बाबानेही नाही. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

आधी कशासाठी गेले ते. दिवाळीत नीलने फोनवर जाहीर केलं की शिक्षण संपलं की तो वर्तमानपत्रात बेसबॉलवर लिहिणार, तोच त्याचा व्यवसाय. त्यावर तुमच्या घरात काय झालं ते तुम्ही जाणता. मला तुमच्या बाबाने एवढंच विचारलं, "आई, असलं लिहून माणसाचं आयुष्य निभतं का गं?" "माहीत नाही" असं उत्तर देऊन फोन ठेवायची मला सवय नाही. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढली आहेत. म्हटलं, बघून सांगते.

कारण असा एक माणूस मला ठाऊक होता. माझा मावसभाऊ दिनकर, खामगावचा, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. अकोल्याच्या एका दैनिकासाठी त्याने जन्मभर बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांच्या खेळांच्या बातम्या लिहिल्या, आणि त्यातल्या निम्म्या बेसबॉलच्या.

हसू नका. मीही पूर्वी हसले होते. दिनकर सांगतो, फार वर्षांपूर्वी एक खेळाचे शिक्षक कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक बॅट नि दोन ग्लोव्हज घेऊन आले. मग गावच्या सुताराने बाभळीच्या लाकडाच्या बॅटी केल्या, चांभाराने चेंडू शिवले, आणि मुलींच्या शाळांमधून हा खेळ लागला तो लागलाच. तुमच्याकडे अमेरिकेत चाळीस हजार माणसं बसून पाहतात, तो खेळ इथे तुरीच्या शेताला लागून असलेल्या मैदानात चालतो. चेंडू तुरीत गेला की दोन्ही संघ मिळून शोधतात.

खामगाव, पहिला दिवस

जलंबला मोठी गाडी सोडून खामगावची छोटी गाडी धरावी लागते. अंतर एवढंसं, की मी थर्मासचं झाकण उघडून चहा ओतेपर्यंत लोक उतरायला उठले. उतरताना थर्मास बाकावरच राहिला. प्रवासाच्या सामानाची यादी माझ्या हातात होती आणि तिच्यात 'थर्मास' समोर बरोबरची खूण होती.

दिनकर स्टेशनवर उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल. पेन नाही, पेन्सिल. पेन उन्हात गळतं, असं त्याचं म्हणणं. "ताई, तू तं अजून वाळली," तो म्हणाला. त्याच्याकडे हे कौतुक असतं.

घरी वहिनीने, म्हणजे दिनकरच्या बायकोने, पातोडीची भाजी आणि भाकरी केली होती. पातोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, झणझणीत रश्श्यातल्या. पुण्यात आपण जिला तिखट म्हणतो ती भाजी इथे आजाऱ्याला देतात. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वहिनी समाधानाने म्हणत होती, "बरी जमली वाटते."

जेवणानंतर मी मुद्द्यावर आले. दिनकरने सरळ उत्तरं दिली. पोट भरलं ते कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या कारकुनीने. बातम्या सुट्टीच्या दिवशी आणि रजा टाकून. उन्हात उभं राहून पाठ गेली. मुलाच्या मुंजीला हा माणूस मलकापूरला सामन्यात होता. वहिनीने ते मला त्याच्यादेखत सांगितलं. त्याचा एक नियम होता. खेळलेल्या प्रत्येक मुलीचं नाव छापायचं, बापाच्या नावासकट आणि गावासकट.

"प्रत्येकीचं कशाला?" मी विचारलं.

"ताई, पोरीचं नाव पेपरात आलं का बाप तिले पुढच्या सामन्याले पाठवते. नाही आलं तं म्हणते, बस झालं, आता वावरात निंदाले चाल."

पुढच्या महिन्यापासून त्या दैनिकातून शाळांच्या खेळांचं पान बंद होणार होतं. डोणगावचा अंतिम सामना ही दिनकरची शेवटची बातमी. पानावर त्याच्याविषयी चार ओळींची चौकट आणि फोटो छापायचं कार्यालयाने कबूल केलं होतं. त्यासाठी तो बाजारात जाऊन फोटो काढून आला होता, भांग पाडून. "लग्नात इतके बसले नव्हते आरशासमोर," वहिनी म्हणाली.

मग त्याने एका पाकिटातून एक कात्रण काढलं. बाकीची कात्रणं गठ्ठ्यांनी बांधलेली होती. हे एकटं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बातमी पाठवायची म्हणजे कागद पाकिटात घालून अकोल्याच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. ती गाडी चुकली की बातमी शिळी. म्हणून दिनकर सामना रंगात आला की दोन बातम्या लिहून ठेवायचा. उजव्या खिशात जिंकल्याची, डाव्या खिशात हरल्याची. शेवटचा गडी बाद झाला की पळत जाऊन एक द्यायची. त्या दिवशी डोणगावची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, होती शोभा, दहावीतली. आदल्या डावात तिची एक फेक पहिल्या बेसवरच्या मुलीच्या डोक्यावरून गेली होती, म्हणून डाव्या खिशातल्या बातमीत दिनकरने हरण्याचं कारण तेच लिहून ठेवलं. शेवटच्या डावात मात्र शोभाच्या नेमक्या फेकीने डोणगाव जिंकलं. दिनकर धावला, गाडी हललेलीच होती, त्याने खिडकीतून पाकीट दिलं. डाव्या खिशातलं.

सकाळी छापून आलं : शोभा किसनराव हिच्या चुकीच्या फेकीमुळे डोणगावने हातचा सामना घालवला.

"दुरुस्ती नाही छापली?"

"म्हणले, शाळेच्या सामन्याची कोणी दुरुस्ती छापते काय." त्याने कात्रण परत पाकिटात ठेवलं. "त्यानंतर ते पोरगी खेळताना दिसली नाही. म्या तिचा खेळ मारला, ताई. आता ते सुलतानपूरले दिली हाय. दोनदा मी तिथल्या स्टँडवर उतरून, चहा पिऊन वापस आलो. पान बंद व्हायच्या आधी मले हे निस्तरायचं हाय. तू सोबत असली तं पळता येणार नाही."

मी बघायला आले होते त्याचं आयुष्य निभलं का ते. तर हे असं पदरात पडलं.

सुलतानपूर, दुसरा दिवस

भाड्याची गाडी केली. वाटेत दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांनी भरलेला. एके ठिकाणी पोरं हरभऱ्याचे डहाळे जाळावर भाजत होती. ड्रायव्हरने न विचारता गाडी थांबवली आणि आम्ही काळ्या हातांनी हुळा खाल्ला. पुण्याला कोणी अनोळख्याच्या शेतात असं बसलं तर आधी नाव-गाव विचारतील. इथे खाऊन झाल्यावर विचारलं.

शोभाचं घर भाजीच्या मळ्यातच आहे. ती वांगी तोडत होती. चाळिशीची, उंच, खांदे अजून खेळाडूचे. दिनकरने नाव सांगितलं तशी ती थांबली आणि मोठ्याने हसली.

"तुम्हीच काय ते! मले वाटे कोणी भारी जाडा माणूस असन."

दिनकर पाठ केलेलं बोलायला लागला, दोन खिसे, गाडी, पाकीट. तिने पाटी खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, खेळ तुमच्यानं नाही सुटला. दहावीनंतर गावात शाळाच नव्हती. तो सुटणारच होता. त्याचं नका मनाले लावून घेऊ."

दिनकरचा चेहरा सुटल्यासारखा झाला. मला वाटलं, झालं, आता चहा पिऊन निघू.

"पण बाबाचं तेवढं वाईट झालं," ती म्हणाली.

बाबा म्हणजे तिचे वडील, किसनराव. त्या दिवशी ते शेतात होते. संध्याकाळी शोभाने सांगितलं, आपण जिंकलो, शेवटची फेक माझी होती. त्यांनी गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात कोणीतरी पेपर वाचून दाखवला. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "बापाच्या तोंडावर खोटं बोलली." मैत्रिणी सांगायला आल्या, गुरुजी आले. किसनराव म्हणाले, सारे तुझ्याच बाजूचे. छापलेलं कसं खोटं असेल?

"मारलं नाही, बोलले नाही. पण तवापासून म्या काही सांगतलं का दुसऱ्याले विचारते, शोभी म्हणते ते खरं हाय काय? आता माह्याजवळच राहते, भाऊ पुण्याले हाय म्हणून. गोळी दिली म्हणलं तं नातीले विचारते. पाणी पडून राह्यलं म्हणलं तं बाहेर जाऊन हात धरून पाहते." ती पुन्हा हसली, पण या वेळी आमच्याकडे न बघता.

किसनराव अंगणात बाजेवर उन्हाला बसले होते. ऐंशीच्या घरातले, नजर लख्ख. दिनकर त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला आणि सगळं पुन्हा सांगितलं. पोरगी खरं बोलली होती, चूक माझी होती, असं हात जोडून म्हणाला. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकलं.

"तुमी पेपरवाले?"

"हाव."

"मंग छापा. तोंडी तं कोणीबी काहीबी सांगते. माह्या पोरीनं आणलं असन तुमाले सांगून."

"बाबा, म्या काऊन आणू याइले?" शोभा म्हणाली.

किसनरावांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुमी शिकल्यासवरल्या दिसता. खरं हाय काय?"

मी म्हटलं, खरं आहे. त्यांनी मान हलवली, पण मीही त्या बाजूचीच, हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

डोणगाव, तिसरा दिवस

मुक्काम मेहकरला केला आणि सकाळी डोणगावला पोचलो. मैदानावर चुन्याच्या रेघा, चार कोपऱ्यांना पोत्यात वाळू भरून केलेले बेस, आणि माईकवर एक गुरुजी, जे दर दोन मिनिटांनी "प्रेक्षकांनी म्हशी आत सोडू नये" अशी विनंती करत होते.

दिनकर नेहमी पहिल्या बेसच्या मागे बसतो. तिथून फेकणारी आणि झेलणारी दोघी दिसतात. वहीत चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात बारीक खुणा. नील, तू मला उन्हाळ्यात संगणकावर दाखवली होतीस ना, हुबेहूब तीच सामन्याची नोंद ठेवायची पद्धत. ती त्याला कोणी शिकवली नाही. विचारलं तर म्हणाला, "दुसऱ्या कोणत्या रीतीनं लिहिताच येत नाही हे."

तिसऱ्या डावात मी वहिनीने दिलेला डबा उघडला आणि एक उडालेला चेंडू थेट पातोडीच्या रश्श्यात पडला. एक मुलगी धावत आली. "आजी, बॉल द्या ना! लवकर!" मी दिला. पंचाने तो रुमालाने पुसला, वास घेतला आणि खेळ पुढे चालू केला. त्या डावात बॅट धरणाऱ्या मुलीला चेंडू पिवळा असल्यामुळे चांगला दिसला, असं दिनकरने मला गंभीरपणे सांगितलं.

सामना डोणगावच्या मुलींनी जिंकला. दिनकर दोन्ही संघांकडे जाऊन एकेकीला नाव, बापाचं नाव, गाव विचारत फिरला. एकीने विचारलं, "काका, उद्या येईन ना पेपरात? मामाले दाखवायचं हाय." अठरा नावं झाली.

मग आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो आणि तो फोनवर एका बोटाने बातमी लिहायला लागला. आधी सामना, मग अठरा नावं, आणि सर्वांत शेवटी शोभाची दुरुस्ती.

"शेवटी का?" मी म्हटलं. "ती सुरुवातीला घाल."

"ताई, जागा कमी पडली का बातमी शेपटीकडून कापतेत. दुरुस्ती वर घेतली तं खालच्या आठ-दहा पोरी जातीन."

"आणि खाली ठेवलीस तर दुरुस्ती जाईल."

"हाव." त्याने फोन मांडीवर ठेवला. "एका पोरीचं सुधरवाले दहा पोरींचं बिघडवू काय? शोभालेच विचारलं सकाळी फोनवर. ते म्हणे, दादा, आज खेळतीन त्यायची नावं आधी."

बातमी गेली. तासाभराने कार्यालयातून पानं लावणाऱ्या मुलीचा फोन आला. दिनकरने तो मोठ्या आवाजावर लावला, त्याला एका कानाने कमी ऐकू येतं.

"काका, खूप छान झाली बातमी. शेवटचा परिच्छेद तेवढा काढते हं. सव्वीस वर्षांपूर्वीच्या सामन्याची दुरुस्ती आता कोण वाचणार?"

"एक माणूस वाचन, बाई. तेवढी राहू द्या. चाळीस वर्षांत मी कधी काही मांगितलं नाही."

"अहो, पण जागाच नाही. जाहिरात आलीये. तुमची चौकट सोडली तर बोटभर जागा नाही."

दिनकरने मैदानाकडे पाहिलं. मैदानावर मुली चुन्याच्या रेघेवरून लंगडी घालत होत्या.

"मंग चौकट काढा," तो म्हणाला.

"काका! फोटो लागलाय तुमचा पानावर. इतका छान आलाय."

"काढा. तिथं दुरुस्ती लावा. शोभा किसनराव, पुरं नाव."

मग ती मुलगी म्हणाली, "बरं. पण तुमचं नाव तरी कुठे टाकू?"

"कुठीच नको. चूक केली तवा कुठं टाकलं होतं."

फोन ठेवल्यावर त्याने शर्टाची बाही झटकली आणि वहिनीला फोन लावून सांगितलं, फोटो येणार नाही. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. पण तो बराच वेळ फक्त "हाव… हाव… मले समजते" म्हणत होता.

पुन्हा सुलतानपूर

सकाळी सुलतानपूरच्या स्टँडवर पेपरांचा गठ्ठा जीपमधून पडला, तेव्हा आम्ही चहाच्या टपरीवर तयारच होतो. आठवं पान. वर सामना, अठराही नावं. उजव्या कोपऱ्यात, जिथे भांग पाडलेला दिनकर असायचा, तिथे काळ्या चौकटीत 'दुरुस्ती'. खाली चार ओळी : डोणगाव येथील सव्वीस वर्षांपूर्वीच्या सामन्यात शोभा किसनराव यांच्या अचूक फेकीमुळे डोणगाव विजयी झाले होते, तेव्हाची बातमी चुकीची होती, दिलगीर आहोत. दिनकरने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "काना-मात्रा बरोबर हाय."

शोभा अंगणात कांद्यांच्या ढिगापाशी बसून पाती कापत होती. नवरा आणि मुलगी मळ्यात होते. किसनरावांनी चष्मा लावला. प्रत्येक शब्दाखाली बोट धरून वाचलं, ओठ हलवत. शेवटापर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आले. शोभाचा विळा थांबला होता.

मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील तिच्याशी. पण ते वळले दिनकरकडे.

"तवाचं बी तुमीच लिहिलं होतं?"

"हाव."

"अन् हे?"

"हे बी म्याच."

"ते बी छापलेलं. हे बी छापलेलं." म्हाताऱ्याने चष्मा काढला. "मंग याच्यात खरं कोणतं?"

मी काही बोलायला जाणार तोच दिनकरने हाताने मला थांबवलं.

किसनरावांनी पेपर घडी करून उशाशी ठेवला. मग म्हणाले, "शोभे."

"काय बाबा?"

"तू होती तिथं. तू सांग, काय झालं होतं."

"आता? बाजाराची गाडी येईन कांद्याले."

"येऊ दे. सांग."

ती उठली. पदराला हात पुसले. ढिगातून हाताच्या मुठीत मावेल असा एक कांदा उचलला, दोन बोटं वर आणि अंगठा खाली असा धरला, आणि आपोआप अंगणात आडवी उभी राहिली, डावा खांदा पुढे. "सातवा डाव होता," ती म्हणाली. "ऊन सरळ डोळ्यात. त्यायच्या दोघी बेसवर…"

"थांब," किसनराव म्हणाले. त्यांनी बाजेवर पाय आखडून दिनकरला बसायला जागा केली. "सातवा काऊन? पहिल्या डावापासून सांग."